लंडन-पॅरिस स्लो

फास्ट लोकल कांजूरमार्गला थांबत नाही. कर्जतची असो की कसाऱ्याची, ती शेजारच्या रुळावरून धडधडत येते, आमच्या हातातल्या चहात लाटा उठवते आणि निघून जाते. हे पूर्वापार चालत आलंय. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडीसुद्धा आमच्या दृष्टीने फास्टच; तेव्हा कांजूरमार्ग नावाचं स्टेशनच नव्हतं. त्यामुळे इथे राहणाऱ्या माणसाला दोन सवयी लागतात. एक, प्रत्येक स्टेशनला थांबत, मोजत जायची. दुसरी, न थांबता जाणाऱ्याकडे जळफळत बघायची. परदेशप्रवास ठरवताना खरी उपयोगाची पहिली. पण आधी उसळून येते ती दुसरी.

आमच्या घरात ती उसळली साडूंमुळे. साडू मुलुंडला राहतात. मुलुंडला काही फास्ट गाड्या थांबतात आणि त्याचा माणसाच्या स्वभावावर परिणाम होतो. तेरा दिवसांत नऊ देश करून आल्यावर त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि जेवणाआधी टीव्हीवर फोटो लावले. प्रत्येक फोटोत साडू मध्यभागी होते आणि युरोप कडेला. "हे कुठलं हो?" असं सौ.ने विचारलं की साडू स्वतःच्या टी-शर्टकडे बघून उत्तर देत. "लाल आहे ना? म्हणजे बेल्जियम." "निळा, म्हणजे ऑस्ट्रिया." आमची मुलगी मेली वकिली बाण्याची. एका फोटोत साडू लाल टी-शर्टात होते आणि मागे पिसाचा झुकता मनोरा होता. तिने ते दाखवून दिलं. साडू क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "त्या दिवशी निळा धुवायला टाकला होता."

परतीच्या वाटेवर रिक्षात कोणीच बोलत नव्हतं. भांडुप मागे पडल्यावर सौ. म्हणाली, "ताईने नऊ केले. आपण निदान दहा तरी."

तिथून आमचा युरोप सुरू झाला.

पहिली बैठक आमच्या हॉलमध्ये झाली. मुलीने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि युरोपचा नकाशा लावला. सौ.ला स्वित्झर्लंड हवं होतं: ३,४५४ मीटर उंचीवरचं युंगफ्राउयोखचं रेल्वे स्टेशन, खाली इंटरलाकेन आणि तिथला यश चोप्रांचा पुतळा. मुलाला बार्सिलोना हवं होतं, कारण फुटबॉल. बार्सिलोनात फुटबॉलशिवाय आणखी काय आहे असं विचारल्यावर त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. मुलीला अ‍ॅमस्टरडॅममधलं अ‍ॅन फ्रँकचं घर, रोम, व्हॅटिकन आणि पॅरिस. अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं दर मंगळवारी पुढच्या सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी ऑनलाइन खुली होतात, ही बातमी तिने अशा सुरात दिली की पुढच्या मंगळवारी घरात कोणी आंघोळीलाही जाऊ नये. मिलान आणि व्हेनिस रस्त्यात लागतात म्हणून आले. ब्रुसेल्स आलं ते साडूंनी केलं होतं म्हणून. व्हॅटिकन हा स्वतंत्र देश आहे हे कळल्यावर सौ.ने त्यावर वेगळी खूण केली. अवघा ४४ हेक्टरचा देश, आमच्या शेजारच्या पवईच्या आयआयटीत तसे दोन-चार सहज मावतील. पण मुलुंडला आकडा सांगताना क्षेत्रफळ कोण विचारतंय?

आईने फक्त लंडन मागितलं. आई महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. पुलंचं 'अपूर्वाई' १९६० सालचं. ते तिने इतक्यांदा वाचलंय की पुस्तकाची पानं बाइंडिंग सोडून तिच्याकडेच आली आहेत. पुढे मीना प्रभूंचं 'माझं लंडन' वाचून तिने मधल्या काळातल्या दुरुस्त्याही करून घेतल्या. लंडन तिला पाठ आहे. फक्त ते जागेवर आहे ना, एवढं बघून यायचं होतं. एका नातेवाइकांनी फोनवर सुचवलं, "लंडनला जाताय तर म्युझियममधली वाघनखं बघून या." आईने त्यांना सांगितलं की ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात धाडली आहेत. आम्ही तिकडे निघायच्या आधीच वाघनखं इकडे आली, तीही सहकुटुंब नऊ देश न करता, थेट साताऱ्याला.

यादी झाली. दहा शहरं, चौदा दिवस. आता वेळापत्रक करायचं होतं, आणि वेळापत्रक म्हटलं की आमच्या इमारतीत एकच माणूस: तळमजल्यावरचे काका. काका मध्य रेल्वेत मोटरमन होते. निवृत्तीनंतरही ते दुधाची पिशवी आणायला निघतात तेव्हा आपण त्यावर घड्याळ लावावं.

काकांनी यादी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर उभ्या रेघा मारल्या.

"रनिंग टाइम सोडा," ते म्हणाले. "हॉल्ट किती?"

"म्हणजे?"

"गाडी थांबणार किती वेळ? सकाळी उठायचं किती वाजता?"

"सहा," सौ. म्हणाली.

"आई?"

"मी पाचला उठते," आई म्हणाली. "पण माझं सगळं आवरून व्हायला आठ."

काकांनी आठ लिहिलं. मग बॅगा भरणं, नाश्ता, हॉटेलचा हिशेब: साडेनऊ. स्टेशनला पोचणं आणि गाडीआधीचा वेळ: अकरा. प्रवास: तीन तास. उतरल्यावर हॉटेल सापडेपर्यंत, मुलाचा फोन चार्ज होईपर्यंत: साडेतीन. आईने पाठ टेकायची: साडेचार. संग्रहालयं बहुतेक सहाला बंद होतात. काकांनी खाली आडवी रेघ मारली आणि 'दीड तास' असं लिहून त्याभोवती गोल काढला.

"यात चहा धरलेला नाही," ते म्हणाले.

मुलगी म्हणाली, "काका, लूव्र म्युझियम तरी दीड तासात होईल ना?"

"वस्तू किती मांडल्यात?"

"सुमारे पस्तीस हजार."

काकांनी पेन चालवलं. "लोकलचा हॉल्ट असतो वीस सेकंद. एकेका वस्तूला तेवढाच दिला, जेवण नाही, झोप नाही, तरी आठ दिवस आठ रात्री." त्यांनी कागद आमच्यासमोर ठेवला. "फास्टमध्ये बसून गेलेला माणूस विक्रोळी बघितली असं म्हणतो का कधी? मी तीस वर्षं फास्ट चालवली. मला विक्रोळीची फक्त पाटी माहीत आहे."

काकांच्या या बोलण्याने घर दुभंगलं. आई काकांच्या बाजूला गेली, मुलगी कुंपणावर बसली, आणि सौ.ने सांगितलं की हिशेब आपण करतो म्हणून चुकतो. अनुभवी लोकांकडे जाऊ या.

म्हणून आम्ही घाटकोपरला एका टूर कंपनीच्या ऑफिसात गेलो. मराठी माणसाला जग दाखवण्याच्या कामी टूर कंपन्यांचे उपकार मोठे आहेत. १९८४ साली केसरी सुरू झाली, २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड. त्याच्या अलीकडे-पलीकडे इतर अनेक. ज्या पिढीला इंग्रजी मेनूकार्डाचा धसका होता तिला त्यांनी आल्प्सच्या पायथ्याशी वरण-भात खाऊ घातला आणि प्रत्येक बसमध्ये 'तंबोला' पोचवला. त्या ऑफिसातली मुलगी फार गोड होती. तिने आमच्यापुढे रंगीत पुस्तिका ठेवली आणि आमची आई, जिने चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, ती ती पुस्तिका लाल पेन हातात असल्यागत वाचू लागली.

"'बाहेरून दर्शन' म्हणजे काय गं बाळा?"

"म्हणजे आजी, बसमधून उतरायचं, बाहेरून बघायचं."

"आणि 'फोटो स्टॉप'?"

"उतरायचं, फोटो काढायचा, परत बसायचं."

"आणि हे 'पॅनोरॅमिक दर्शन'?"

"त्यात उतरायचं नाही."

आईने पुस्तिका मिटली. "देवळात गेलं की तीन गोष्टी असतात," ती म्हणाली. "मुखदर्शन, पदस्पर्श आणि कळसाचं दर्शन. यात कळसच फार आहेत." ती मुलगी मनापासून हसली आणि तिने आम्हाला लिंबूसरबत पाजलं. तिचं म्हणणंही खोटं नव्हतं: ज्याला आयुष्यात एकदाच जायचंय त्याने दहा कळस का बघू नयेत? सौ.ने हा मुद्दा घरी येईपर्यंत लावून धरला.

तेव्हा काकांनी तोडगा काढला. "रंगीत तालीम करू या. एक दिवस, तुमच्या टूरच्या वेगाने, मुंबईत. जमलं तर दहा शहरं. नाही जमलं तर मी सांगतो ते."

तालमीला काकांनी मुद्दाम रविवार निवडला. रविवारी मेगाब्लॉक असतो. धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की कांजूरमार्गला त्याही थांबत नाहीत. "पॅरिसमध्ये संप होतात," काका म्हणाले. "सवय हवी." रिक्षा करून विक्रोळी गाठायची असं ठरलं. विमानात माणशी तेवीस किलो नेता येतात म्हणून त्यांनी एक चाकांची बॅगही भरायला लावली. तेवीस किलोचे कपडे कोण उगाच भरतंय? सौ.ने दळणाला द्यायचे गहू घातले, एका दगडात दोन पक्षी.

कार्यक्रम असा होता: सीएसएमटी वीस मिनिटं, राजाबाई टॉवर दहा मिनिटं, फ्लोरा फाउंटन फोटो स्टॉप, गेटवे अर्धा तास, जेवण, परतताना भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय. हे शेवटचं नाव मुलीचं. १८७२ साली ते लोकांसाठी उघडलं तेव्हा त्याचंही नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच होतं, आणि लंडनच्या म्युझियमला ते नाव मिळालं १८९९ मध्ये. म्हणजे लंडनवाल्यांनी भायखळ्याचं नाव उचललं, असं तिचं ठाम मत. इतिहासकारांना ते मान्य होईल की नाही कोण जाणे, पण आमच्या डब्यातल्या एका बाईंना ते इतकं पटलं की त्यांनी मुलीला खिडकी दिली.

सीएसएमटीला उतरलो आणि स्कॅनरपाशी जवानाने बॅग बाजूला घ्यायला सांगितली.

"यात काय?"

"गहू."

"कुठे चाललात?"

मुलगा म्हणाला, "पॅरिसला."

जवानाने बॅग उघडली, मुठीत गहू घेतले, खाली सोडले, आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाला, "लोकवन दिसतोय. जा." वीस मिनिटांतली नऊ तिथेच गेली.

बाहेर येऊन आम्ही इमारतीसमोर उभे राहिलो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या स्थापत्यकाराने आखलेली ही इमारत. १८७८ साली काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. मी रोज तिच्या पोटातून जातो, पण माझी वाट फलाटावरून थेट भुयारी मार्गात उतरते. मुलीने मान वर केली आणि मग ती खाली करेचना. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ: एक इंग्लंडचा, एक आपला. घुमटावर 'प्रगती'चा पुतळा. भिंतींवर मोर, माकडं, पानं, वेली. त्यातलं बरंचसं कोरीव काम जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलेलं. "आजी, ती बघ खार!" "अगं, तो सरडा!" आई दुर्बीण घेऊन आली होती. मुलगा सुरुवातीला कंटाळला होता. मग त्याने बहिणीशी पैज लावली की तिच्यापेक्षा जास्त प्राणी तो शोधेल. सौ. म्हणाली, "चला, वीस मिनिटं झाली," आणि तिचं तिलाच कोपऱ्यावरचं एक भेसूर तोंड दिसलं. "हे बघितलंत का, थेट आपले सेक्रेटरी!" त्यानंतर तिलाही कोणी हलवू शकलं नाही. काका घड्याळ बघत होते आणि काहीच बोलत नव्हते.

सव्वा तासाने आम्ही राजाबाई टॉवरकडे निघालो. १८७८ साली पुरा झालेल्या या मनोऱ्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून केला, डोळ्यांपुढे बिग बेन ठेवून. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनावरचं भव्य हॉटेलही त्यांचंच, ज्याच्याशी सीएसएमटीचं इतकं साम्य आहे. पण हे गृहस्थ मुंबईला कधी आलेच नाहीत! म्हणजे आमचे साडू बरे; त्यांनी ऑस्ट्रिया निदान खिडकीतून तरी बघितला. मनोऱ्यासमोर ओव्हल मैदानात एकाच वेळी दहा-बारा क्रिकेटचे सामने चालले होते. एका सामन्याचा मिड-ऑफ दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा होता आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. आई कडेच्या कठड्यावर टेकली. एक भिडू बाद झाला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. कोणत्या सामन्यातला ते तिला ठाऊक नव्हतं.

"आता गेटवे," सौ. म्हणाली.

"तुम्ही या जाऊन," आई म्हणाली. "मला हेच बघायचं होतं. मनोऱ्याखाली माणसं काय करतात ते."

गेटवे राहिला. भायखळा राहिलं. गव्हाची बॅग मात्र पूर्ण दौरा करून आली.

त्या रात्री काकांनी सांगितलं ते आम्ही मान्य केलं: लंडन आणि पॅरिस. दोनच. बाकी आठ शहरं नकाशावर जागेवर राहतील. ती कुठे पळून जात नाहीत. सौ.चा विरोध मावळला तो मधल्या प्रवासाने. सेंट पँक्रसला गाडीत बसायचं, समुद्राखालच्या ५० किलोमीटरच्या बोगद्यातून जायचं आणि सव्वादोन-अडीच तासांत पॅरिसच्या गार दू नोरला उतरायचं. "म्हणजे जवळजवळ व्हीटीला बसायचं आणि पॅरिसला उतरायचं," काका म्हणाले. १९९४ पासून धावणाऱ्या युरोस्टारच्या मोटरमनच्या केबिनचे व्हिडिओ ते त्यानंतर आम्हाला रोज पाठवू लागले. ताशी ३०० किलोमीटर, आणि दारात लटकलेलं कोणी नाही. हे त्यांना थोडं बेचव वाटलं.

काकांनी स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. वेळापत्रकात लंडनच्या दुसऱ्या दिवसापुढे त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: '१० किंग हेन्रीज रोड'. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. "भुयारी रेल्वेची नॉर्दर्न लाइन पकडायची, चॉक फार्मला उतरायचं, मग चालत," काका म्हणाले. लंडनला कधीही न गेलेल्या माणसाने सांगितलेला हा रस्ता मुलीने नकाशावर ताडून पाहिला. अचूक होता. "इथे फोटो स्टॉप नको," ते म्हणाले. "इथे आत जायचं, वर जायचं, सगळं बघायचं आणि मला सगळं सांगायचं. घाई करायची नाही." त्या ओळीला वेळेच्या रकान्यात त्यांनी आकडाच घातला नाही.

इकडे सोसायटीत बातमी फुटली आणि अब्रू गेली. "फक्त दोनच?" लिफ्टमध्ये, वाण्याकडे, गच्चीत, हाच प्रश्न. साडूंनी कॅल्क्युलेटर काढून आमचा दर देशी खर्च काढला आणि तो त्यांच्यापेक्षा चौपट निघाल्यावर फोनवर पाच मिनिटं शोक केला. आयफेल टॉवर १८८९ साली उभा राहिला तेव्हा तो वीस वर्षांनी उतरवायचं ठरलं होतं, हे मुलीने सोसायटीच्या सभेत सहज सांगितलं; सेक्रेटरींनी तो धागा पकडून पुनर्विकासाचा विषय काढला आणि सभा रात्री बारापर्यंत चालली.

मग व्हिसा. लंडनचा वेगळा आणि पॅरिसचा वेगळा. इंग्लंड शेंगेनमध्ये कधीच नव्हतं. शेंगेनचा व्हिसा एकोणतीस देशांना चालतो. एकोणतीस देशांचा परवाना काढून एकाच देशात जायचं हे सौ.ला फार लागलं. "अठ्ठावीस वाया," ती दिवसभर म्हणत होती. मोठ्या माणसाला फी ९० युरो, वर तीस हजार युरोंचा विमा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पार्श्वभूमी फिकी, चेहऱ्यावर हसू नको. स्टेशनजवळच्या स्टुडिओतल्या पोऱ्याने आईला सांगितलं, "आजी, हसू नका." आईचे विद्यार्थी जिथे असतील तिथे त्या वेळी दचकले असणार.

खरी मेख पुढे होती. आपण परत येणार याचा पुरावा द्यावा लागतो. मी कांजूरमार्ग पूर्वेच्या वन बीएचकेचे कागद आणि त्यावरच्या कर्जाचे उरलेले हप्ते जोडले. इतका सबळ पुरावा त्या साहेबांनी क्वचितच पाहिला असेल. आईने पेन्शनचं पासबुक लावलं आणि अर्जासोबतच्या पत्रात स्वतःहून लिहिलं की कैऱ्यांचं लोणचं घालायचं असल्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात परत येणं भाग आहे. मुलीने ते वाक्य खोडलं. आईने पुन्हा लिहिलं.

लोणच्यावरून खाद्यपदार्थांचा प्रश्न निघाला. बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, श्रीखंडाच्या गोळ्यांविषयी तर दोन मतं पडली. चकली, चिवडा, मेतकूट आणि गूळपोळ्या राहिल्या. "गूळपोळी तुपाशिवाय?" आईने विचारलं. फ्रान्सबद्दल तिचं मत तिथे थोडं खराब झालं. मुलगी म्हणाली, "आजी, तिकडे लोणी फार चांगलं मिळतं." त्यावर प्रकरण मिटलं.

आता रोजचा कार्यक्रम लिहून द्यायचा होता. मुलीने तक्ता केला, सुट्ट्या सांभाळून: लूव्र मंगळवारी बंद, ओर्से आणि व्हर्साय सोमवारी बंद, लंडनचा पहारेबदल रोज नसतो. सगळं नेमकं बसलं, आणि पॅरिसमधला एक दिवस आईने कोरा मागून घेतला. त्याबरोबर घरातले सगळे त्या रिकाम्या घरावर भाडेकरू आणू लागले. मुलाला तिथल्या फुटबॉल क्लबचं मैदान घालायचं होतं, सौ.ला दुकानं, मुलीला आयफेलच्या दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या ६७४ पायऱ्या. काकांनी तो दिवस लाल पेनाने आडवा कापला आणि वर लिहिलं: 'मेगाब्लॉक'.

पण व्हिसाचं काम बघणारा एजंट म्हणाला, "रिकामा दिवस चालत नाही हो. शंका येते. काहीतरी लिहा."

"बसणार आहे असं लिहा," आई म्हणाली.

"कुठे?"

मुलीने शोध घेतला. लंडनच्या हाइड पार्कात आरामखुर्च्या भाड्याने मिळतात. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत हिरव्या लोखंडी खुर्च्या ठेवलेल्या असतात, हवी ती उचलायची, हवी तिथे ओढून बसायचं, पैसे नाहीत. आईने दोन्ही शहरांची तुलना तिथल्या तिथे संपवली. "बसायचे पैसे घेत नाहीत? मग तूप नसलं तरी चालेल." मेअखेरीला पॅरिसमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो हे ऐकून ती थोडी गोंधळली. दिवेलागणीला 'शुभं करोति' तरी कधी म्हणायचं? मुलाने सुचवलं की भारतातल्या वेळेने म्हण. ते तिला पटलं.

तर आमच्या शेंगेनच्या अर्जात, सही-शिक्क्यानिशी, असा एक रकाना आहे: 'दिवस तिसरा. लक्झेंबर्ग बाग. खुर्ची. संपूर्ण दिवस.' एजंटने डोकं खाजवलं, पण कागद घेतला.

साडूंना हे कळल्यावर ते सपत्नीक आमच्याकडे आले. त्यांनी तो तक्ता हातात घेऊन दोनदा वाचला. मग चहाचा कप खाली ठेवून आईला म्हणाले, "मावशी, नुसतं बसायचंच असेल तर एवढे पैसे खर्चून पॅरिसला कशाला जाता? मुलुंडला आमच्याकडे या. बाल्कनीत खुर्ची आहे, समोर झाडं आहेत."

"येईन ना," आई म्हणाली. "तुमच्याकडे यायला व्हिसा लागत नाही. केव्हाही येता येईल."